लेदरकामाच्या छंदातून ऑनलाइन विक्रीकडे: पहिल्या वस्तूपासून पुढच्या ऑर्डरींपर्यंत

लेदरकाम करणाऱ्या बहुतेकांना कधी ना कधी विचारलं जातं, "इतकं छान करतोस, विकत का नाहीस?" भेट दिलेलं पाकीट चारचौघांनी हातात घेऊन पाहिलेलं असतं आणि त्यातला एखादा पैसे द्यायलाही तयार असतो. तिथून लगेच दुकानाचं नाव, लोगो, इन्स्टाग्रामचं पान आणि नव्या हत्यारांची खरेदी सुरू होते. माझ्या मते यातलं काहीच आधी करायचं नसतं. छंदात प्रत्येक वस्तू वेगळी निघाली तरी चालतं, किंबहुना त्यातच गंमत असते. ऑनलाइन गिऱ्हाईक मात्र फोटो पाहून पैसे देतं आणि फोटोत दिसली तीच वस्तू हातात पडेल असं धरून चालतं. त्यामुळे तयारीचा मोठा भाग म्हणजे एक वस्तू दहा वेळा सारखी बनवता येणं. बाकी सगळं त्याच्या मागून येतं, आणि या लेखाचा क्रमही तोच ठेवला आहे.

एकच वस्तू निवडा

सुरुवातीला पाकीट, बेल्ट, बॅग, किचेन, डायरीचं कव्हर असं सगळं मांडायचा मोह होतो. तो आवरा. प्रत्येक वस्तूला वेगळ्या जाडीचं चामडं, वेगळे साचे, वेगळी बक्कलं-बटणं लागतात आणि पैसा मालातच अडकून बसतो.

पहिली वस्तू म्हणून मी कार्ड होल्डर सुचवेन. चामडं कमी लागतं आणि मापाचा प्रश्नच येत नाही, कारण बँकेचं कार्ड जगभर एकाच मापाचं असतं: ८५.६० × ५३.९८ मिमी. पासपोर्टच्या पुस्तिकेचंही तसंच, १२५ × ८८ मिमी. म्हणजे एकदा बसवलेला साचा कुठल्याही देशातल्या गिऱ्हाइकाला चालतो.

बेल्टला शिलाई कमी, पण मापाची भानगड मोठी. लोक पँटवर छापलेला आकडा कळवतात आणि तो आकडा कंबरेच्या खऱ्या मापाशी जुळेलच असं नसतं. बेल्ट विकायचा असेल तर गिऱ्हाइकाला रोजच्या वापरातला बेल्ट मोजायला सांगा: बक्कल ज्या घडीत बसतं तिथपासून रोज लावतात त्या भोकापर्यंत. हे माप मधल्या भोकाला द्यायचं आणि दोन्ही बाजूंना २५-२५ मिमीवर दोन-दोन भोकं पाडायची. एवढी एक सूचना ठळक लिहिली तरी परत येणारे बेल्ट बरेच कमी होतात.

घड्याळाच्या पट्ट्याला चामडं अगदी थोडं लागतं आणि एकदा आवडला की तेच गिऱ्हाईक दुसऱ्या रंगासाठी परत येतं. रुंदी १८, २० किंवा २२ मिमी अशी ठरलेली असते. पण हे काम बारीक आहे. पट्टा दिवसभर घामट कातडीला लागून असतो, त्यामुळे रंग सुटणारं चामडं इथे अजिबात चालत नाही. बॅग शेवटी करा. तिला चामडं भरपूर लागतं, तास जास्त जातात आणि एक चूक झाली तर अख्खा तुकडा वाया जातो.

वस्तू ठरली की तिचे दहा नग एकाच साच्यावर करा आणि टेबलावर ओळीने मांडा. कोपऱ्यांची गोलाई सारखी आहे का, टाक्यांची ओळ कडेपासून सगळीकडे तेवढ्याच अंतरावर आहे का, कडांचा रंग आणि चकाकी एकसारखी आहे का, हे पाहा. ज्या नगांत फरक दिसतो ते ओळखीच्या लोकांना वापरायला द्या आणि काही महिन्यांनी परत मागून बघा. खिसा किती सैल झाला, कड कुठे उसवली, दोरा कुठे मळला, हे वापरलेल्या वस्तूवरच कळतं.

चामडं ओळखून घ्या

नुसतं "लेदर" म्हणून माल घेणं छंदात खपतं, विक्रीत खपत नाही. चामडं कमावण्याच्या, म्हणजे कच्चं कातडं टिकाऊ करण्याच्या, दोन मुख्य पद्धती आहेत. व्हेज टॅन चामडं झाडांच्या साली आणि लाकूड यांतल्या टॅनिनने कमावलेलं असतं. त्याला कित्येक आठवडे लागतात. ते टणक असतं, त्यावर ठसा उठतो, कड घोटली की चकाकते आणि वापराने रंग गडद होत जातो. क्रोम टॅन क्रोमियमच्या क्षारांनी एक-दोन दिवसांत तयार होतं. जगातलं बहुतेक चामडं याच पद्धतीचं असतं. ते मऊ असतं, पाण्याला जास्त दाद देत नाही, रंगही पक्के असतात. पण त्याची कड घोटून चकाकत नाही. तिला कडेचा रंग, म्हणजे एज पेंट, थरावर थर लावावा लागतो किंवा चामडं दुमडून कड झाकावी लागते. कार्ड होल्डर आणि बेल्टला व्हेज टॅन, मऊ पिशव्यांना क्रोम टॅन, अशी ढोबळ वाटणी धरली तर चुकत नाही.

व्हेज टॅनची एक खोड लक्षात ठेवा. ते ओलं असताना लोखंडाचा कीस किंवा गंजकं हत्यार लागलं, तर टॅनिन आणि लोखंडाचा संयोग होऊन निळसर काळा डाग पडतो आणि तो सहजी जात नाही. रापीला, म्हणजे चामडं कापायच्या-तासायच्या पात्याला, धार लावून झाली की टेबल पुसूनच चामड्याला हात लावा.

चामडं जनावराच्या कुठल्या भागाचं आहे यालाही तेवढंच महत्त्व आहे. पाठीचा भाग घट्ट आणि एकसारखा असतो. बेल्ट त्यातूनच काढावा, नाहीतर तो काही महिन्यांत ताणून वाकडा होतो. खांद्याकडच्या भागावर सुरकुत्या असतात, पण तो लवचीक असतो आणि पाकिटांना छान. पोटाकडचं चामडं स्वस्त मिळतं, पण ताणतं. साचे तपासायला आणि शिलाईच्या सरावाला ते घ्या. गिऱ्हाइकाच्या वस्तूत खिशाच्या तोंडाला तर ते कधीच वापरू नका.

जाडी मिलिमीटरमध्ये मागा. काही विक्रेते औंसात सांगतात. एक औंस म्हणजे सुमारे ०.४ मिमी. कार्ड होल्डरच्या बाहेरच्या भागाला १.२ ते १.५ मिमी, आतल्या खिशांना ०.८ ते १ मिमी आणि बेल्टला ३.५ ते ४ मिमी ही माझी पसंती. तेच चामडं पुढेही मिळेल का, हे आधीच विचारून घ्या. एका खेपेचा तपकिरी आणि पुढच्या खेपेचा तपकिरी यांत डोळ्यांना दिसेल इतका फरक असू शकतो. म्हणून सुटे तुकडे गोळा करण्यापेक्षा अर्धं कातडं एकदम घेतलेलं बरं. दुकानात दोन रंग ठेवा, पण ते कायम मिळणारे असू द्या.

चामडं चौरस फुटावर विकलं जातं आणि त्यात डाग, जखमांच्या खुणा, वेडेवाकडे काठ हे सगळं आलंच. लहान वस्तू कापतानाही पाचवा हिस्सा सहज वाया जातो, मोठ्या तुकड्यांना त्याहून जास्त. हिशोब करताना वाया गेलेल्याचे पैसेही वस्तूवरच चढतात.

साचा पक्का करा

कागदी साचा दोन-चार वेळा वापरला की त्याचे कोपरे मऊ पडतात आणि मापं सरकतात. वस्तू ठरली की साचा ३ मिमीच्या अॅक्रिलिकमध्ये लेझरने कापून घ्या. कोपऱ्यांची गोलाई, अंगठ्याची खाच, टाक्यांच्या सुरुवातीच्या खुणा सगळं त्यातच असू द्या.

मापाचं गणित कसं बसतं ते कार्डाच्या खिशावर पाहू. तुकडा १०० मिमी रुंद घेतला आणि दोन्ही बाजूंनी कडेपासून ३.५ मिमी आत टाके घातले, तर आत ९३ मिमी उरतात. ८५.६ मिमीच्या कार्डाला सुमारे ७ मिमी मोकळीक मिळाली. एका कार्डाला ती थोडी जास्त वाटेल, पण त्याच खिशात दोन कार्डं घातली की चामड्याला वळण घ्यावं लागतं आणि ती जागा तिथे खर्ची पडते. नवा होल्डर घट्टच असावा. व्हेज टॅन वापराने सैल होतं, आणि पहिल्याच दिवशी सैल असलेला खिसा पुढे कार्ड धरत नाही.

दुसरी गोष्ट जाडीची. १.४ मिमीच्या पाठीवर १ मिमीचे चार खिसे सरळ एकावर एक ठेवले तर कडेला ५.४ मिमी जाडी होते आणि पाकीट बोजड दिसतं. म्हणून मागचे खिसे टी आकाराचे कापतात: वरची पट्टी कडेपर्यंत जाते, खालचा भाग टाक्यांच्या आतच राहतो. त्यामुळे बाजूच्या शिलाईत सगळे थर एका जागी जमत नाहीत. जे थर कडेपर्यंत जातातच, त्यांची कड रापीने तासून पातळ करा. रापीची धार इथे खरी कसाला लागते. चामडं ओरखडत निघालं तर थांबा, आधी धार लावा.

शिलाई आणि कडा

हाताने केलेल्या चामडी वस्तूला लोक जास्त पैसे का देतात, याचं उत्तर या दोन जागी असतं. तेव्हा वेळ वाचवायचाच झाला तर दुसरीकडे वाचवा.

सॅडल स्टिचमध्ये एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया असतात आणि प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून जातात. मशीनच्या शिलाईत वरचा आणि खालचा दोरा एकमेकांत अडकलेले असतात, त्यामुळे एक तुटला की टाके सुटत जाऊ शकतात. सॅडल स्टिचमध्ये एका बाजूचा दोरा झिजून तुटला तरी दुसरा शिवण धरून ठेवतो. हे कारण गिऱ्हाइकाला साध्या शब्दांत सांगण्यासारखं आहे.

टाके एकसारखे तिरके यायचे असतील तर शिस्त एकच: दर टाक्याला तीच सुई आधी जायला हवी, दुसरी सुई दरवेळी पहिल्या दोऱ्याच्या त्याच बाजूने निघायला हवी आणि दोन्ही दोरे सारखेच ओढले जायला हवेत. दुसरी सुई पहिल्या दोऱ्यात घुसली तर टाका ओढला जात नाही. म्हणून ती घालताना पहिला दोरा हलकेच मागे ओढून धरायचा. दोरा शिवणीच्या लांबीच्या साधारण चौपट घ्या, पाकिटाला ०.६ मिमी आणि बेल्टला ०.८ ते १ मिमी. शेवटी दोन-तीन टाके उलट घालून दोरा कापा. पॉलिस्टरचा असेल तर टोक वितळवून दाबा.

भोकं दातेरी छिन्नीने पाडताना पहिला दात आधी पाडलेल्या शेवटच्या भोकात ठेवून पुढे सरका, म्हणजे अंतर बिघडत नाही. लहान वस्तूंना ३ ते ४ मिमी अंतर छान दिसतं. ३ मिमी अंतर धरलं तर ३० सेंटिमीटरच्या शिवणीत १०० टाके येतात, आणि टाक्याला २० सेकंद लागले तरी नुसत्या शिलाईला अर्धा तास जातो. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे किंमत ठरवताना लागेल.

कडेचं काम असं: सगळे थर चिकटवून शिवून झाले की कड पॉलिश पेपरने एका पातळीत आणा. आधी २२० किंवा त्याच्या आसपासचा, मग ४००, मग ६००. वरची-खालची धार बेव्हलरने उतरवा. रंग द्यायचा असेल तर तो इथेच, घोटण्याच्या आधी. मग कड किंचित ओली करून किंवा टोकोनोलेसारखं घोटायचं मलम लावून लाकडी घोटणीने घासा. आधी हात हलका असू द्या, कड गरम होऊन बसायला लागली की थोडा जोर लावा. सुरुवातीलाच जोर लावला तर कड बाजूला पसरते. पुन्हा ६००चा हात, पुन्हा घोटणं. थरांमधली रेषा बोटाला लागेनाशी झाली की मधमाशीच्या मेणाचा हात द्या आणि कापडाने चोळा.

तेल, म्हणजे नीट्सफूट वगैरे, जपून. चामडं त्याने गडद होतं आणि जास्त झालं तर लिबलिबीत होतं. प्रत्येक नगाला तेवढंच तेल लागलं नाही तर दहा नगांच्या दहा छटा होतील. रंग दिलेल्या प्रत्येक वस्तूवर पांढरं सुती कापड कोरडं आणि मग ओलसर करून घासून पाहा. कापडाला रंग लागला तर वस्तू पाठवू नका.

वेळ मोजून किंमत ठरवा

नव्या लोकांचं सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, आणि वाईट याचं वाटतं की चांगलं काम करणारेच जास्त भरडले जातात, कारण त्यांना वेळ जास्त लागतो. "साहित्याच्या तिप्पट किंमत लावा" असा सल्ला सगळीकडे मिळतो. हाताने शिवलेल्या चामड्याला तो लागू पडत नाही. कसा ते कुठल्याही चलनात लागू पडेल अशा एककांत पाहू.

समजा एका कार्ड होल्डरला वाया गेलेल्यासह चामडं २०, दोरा-सोल्यूशन-मेण ३ आणि पॅकिंग ७. साहित्य झालं ३०. कापण्यापासून डबा बंद करेपर्यंत दोन तास लागले आणि तुम्ही तासाला ४० धरले, तर मजुरी ८०. हत्यारांची झीज, पाती, वीज, बिघडलेले नग यांचे १०. एकूण खर्च १२०. तिपटीच्या नियमाने किंमत येते ९०, म्हणजे प्रत्येक विक्रीला पदरचे ३० जातात.

आता १२० वर वीस टक्के नफा धरा: १४४. हा पैसा तुमच्या मजुरीहून वेगळा आहे. पुढचं चामडं, नवी हत्यारं आणि मंदीचे महिने यातून निघतात. विक्रीचं ठिकाण आणि पैसे स्वीकारणारी सेवा मिळून समजा १० टक्के कापतात. इथे १४४ ला दहा टक्के वाढवून भागत नाही, कारण कपात विक्रीच्या किमतीवर होते. १४४ ला ०.९ ने भागायचं. किंमत आली १६०. कपात २० टक्के असेल तर ०.८ ने भागायचं आणि किंमत १८० होते.

सवलतीचंही याच आकड्यांवर बघा. १६० वर १५ टक्के सूट दिली तर विक्री १३६ ला होते. १० टक्के कपात जाऊन हातात १२२.४ येतात, म्हणजे नफा २.४. २४ पैकी जवळजवळ सगळा नफा गेला. सणाच्या सेलमध्ये उडी मारण्याआधी हे गणित कागदावर एकदा करा.

वेळ अंदाजाने धरू नका. मोबाइलवर घड्याळ लावून प्रत्येक पायरी वेगळी मोजा: कापणं, तासणं, चिकटवणं, भोकं, शिलाई, कडा, पॅकिंग. बहुतेकांना शिलाई जास्त वेळ खाते असं वाटतं आणि प्रत्यक्षात कडा खातात. किंमत बाजाराला जड वाटत असेल तर ती उतरवण्याआधी वेळ उतरवा. दहा नगांचं कापणं एकदम, चिकटवणं एकदम, कडांचा पहिला हात एकदम घेतला की दर नगाचा वेळ खाली येतो. साचा वर्षभर बदलणार नाही अशी खात्री झाली की कटिंग डाय, म्हणजे साच्याच्या आकाराचं, एका दाबात तुकडा कापणारं पातं, करून घ्या. तोपर्यंत नको.

नियम, थोडक्यात पण नक्की

व्यवसायाची नोंदणी आणि कर आपापल्या ठिकाणच्या नियमांप्रमाणे, पहिल्या विक्रीच्या आधी. दुकानाच्या पैशांसाठी वेगळं बँक खातं ठेवा. प्रसिद्ध ब्रँडचा लोगो, कार्टूनमधलं पात्र किंवा खेळाच्या संघाचं चिन्ह गिऱ्हाइकाने कितीही विनवलं तरी कोरू नका. विक्रीचं ठिकाण अशी एखादी वस्तूच नव्हे, अख्खं दुकान बंद करू शकतं.

परदेशी पाठवणार असाल तर तीन गोष्टी. अजगर, मगर यांसारख्या प्राण्यांचं कातडं १९७५ पासून लागू असलेल्या साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराखाली येतं. परवान्याशिवाय ते सीमेपार पाठवता येत नाही, आणि नवशिक्याने त्या वाटेला जाऊच नये. युरोपीय संघात त्वचेला लागणाऱ्या चामडी वस्तूंमध्ये क्रोमियम सहा या घातक रूपाची मर्यादा किलोमागे ३ मिलिग्रॅम आहे. २०१५ पासून ती लागू आहे. क्रोम टॅन वापरत असाल तर विक्रेत्याकडून चाचणीचा अहवाल मागून ठेवा. आणि सीमाशुल्काच्या कागदावर वस्तूचा एचएस क्रमांक, म्हणजे मालाचा प्रकार सांगणारा क्रमांक, लागतो: चामड्याची पाकिटं, कार्ड होल्डर ४२०२.३१, बेल्ट ४२०३.३०, घड्याळाचे पट्टे ९११३.९०. पहिले सहा आकडे जगभर सारखे असतात, पुढचे देशागणिक बदलतात.

फोटो

कॅमेरा फोनचा चालतो. प्रकाश खिडकीतून बाजूने येणारा हवा आणि थेट ऊन नको. दुसऱ्या बाजूला पांढरा जाड कागद उभा करा, म्हणजे सावली हलकी होते. घरातले दिवे बंद ठेवा, कारण पिवळा दिवा आणि दिवसाचा उजेड मिसळला की तपकिरी रंग फोटोत नारिंगी दिसतो. एक फोटो पांढऱ्या कागदासह काढून त्यावरून रंग जुळवून घ्या. वस्तू पडद्याशेजारी धरून बघा आणि फरक दिसला तर पुन्हा काढा.

वस्तू सगळ्या कोनांतून दाखवण्यापेक्षा गिऱ्हाइकाच्या शंकांची उत्तरं फोटोंतून द्या. केवढं आहे? हातात धरलेला फोटो. किती कार्डं मावतात? भरलेल्या होल्डरचा बाजूने घेतलेला फोटो, जाडी दिसेल असा. शिलाई कशी आहे? मागच्या बाजूचे टाके जवळून, कारण समोरचे सगळेच दाखवतात. कड कशी आहे? कोपऱ्याचा अगदी जवळचा फोटो. आणि व्हेज टॅन असेल तर वर्षभर वापरलेल्या नगाचा एक फोटो नक्की ठेवा. नैसर्गिक रंगाचं चामडं उजेडानेसुद्धा गडद होतं, हे ज्याला माहीत नाही त्याला तो बिघाड वाटतो.

वर्णनात काय लिहावं

पहिल्या दोन ओळींत वस्तू काय, कशाची, कुणासाठी. मग मापं मिलिमीटरमध्ये, वजन, किती कार्डं मावतात, चामडं कुठल्या पद्धतीने कमावलेलं, जाडी, शिलाई हाताची की मशीनची. शिलाई मशीनची असेल तर तसंच लिहा, त्यात कमीपणा नाही. "अस्सल लेदर" हा शब्द इतक्या वस्तूंवर छापला गेला आहे की त्यातून काहीच कळत नाही. त्यापेक्षा "व्हेज टॅन, फुल ग्रेन, १.४ मिमी" जास्त सांगून जातं. मात्र फुल ग्रेन म्हणजे वरचा थर घासून सपाट न केलेलं चामडं, याची खात्री असेल तरच तसं लिहा. नैसर्गिक खुणा, शिरांच्या रेषा दिसू शकतात हेही आधीच सांगा.

शीर्षकात लोक शोधताना जे शब्द टाइप करतात तेच वापरा. वस्तूला ठेवलेलं काव्यमय नाव कुणी शोधत नाही. एट्सी या हाताने केलेल्या वस्तूंच्या ऑनलाइन बाजारपेठेत प्रत्येक वस्तूला १३ टॅग, म्हणजे शोधशब्द, देता येतात, ते सगळे भरा. त्यांत रंग, प्रसंग, कुणाला भेट द्यायची हे सगळं येऊ द्या.

विकायचं कुठे

२००५ साली सुरू झालेल्या एट्सीसारख्या ठिकाणी हाताने केलेल्या वस्तू शोधणारे लोक आधीच येतात. बदल्यात नोंदणी, विक्री आणि पैसे स्वीकारणं यांची कपात असते, शिवाय स्पर्धाही शेजारीच बसलेली असते. स्वतःच्या वेबसाइटवर कपात कमी, पण गिऱ्हाईक आणण्याचं काम पूर्ण तुमचं. इन्स्टाग्राम विक्रीपेक्षा विश्वासासाठी चांगलं: कड घोटतानाचा अर्धा मिनिटाचा व्हिडिओ हाताचं काम जितकं पटवून देतो तितकं लिहून पटत नाही. मी आधी बाजारपेठेत सुरुवात करेन, गिऱ्हाइकांचे प्रश्न नोंदवून ठेवेन आणि परत येणारी गिऱ्हाइकं दिसायला लागली की मग स्वतःची वेबसाइट करेन. दोन्ही एकदम सुरू केलं तर शिवायला वेळ उरत नाही.

पॅकिंग आणि पाठवणी

पूर्ण कोरडं झालेलं चामडंच पॅक करा. ओलसर व्हेज टॅन प्लॅस्टिकमध्ये बंद झालं की बुरशी धरतं. आत साधा कागद किंवा सुती पिशवी, बाहेर मजबूत डबा, लांबच्या प्रवासाला सिलिका जेलची पुडी.

डब्याचं माप आधी ठरवा, कारण कुरियर कंपन्या आकारमानावरूनही वजन धरतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागण्याची पद्धत सर्रास आहे. २० × १५ × १० चा डबा म्हणजे ०.६ किलो, आत पाकीट भले १०० ग्रॅमचं असो. १२ × १० × ३ च्या डब्याचं तेच वजन ०.०७२ किलो येतं आणि मग खऱ्या वजनाचेच पैसे लागतात.

सोबत हातात मावेल एवढं निगेचं कार्ड घाला: भिजलं तर सावलीत वाळवा, हीटर किंवा उन्हाजवळ ठेवू नका, कोरडं वाटलं तर कंडिशनरचा अगदी पातळ हात द्या.

ऑर्डर आल्यानंतर

नाव किंवा आद्याक्षरं उठवून मागणारे बरेच असतात आणि त्यासाठी जास्त पैसे द्यायला तयारही असतात. अक्षरं लेखी मागवा, तशीच परत लिहून पाठवा, होकार आल्यावरच ठसा मारा. नाव घातलेली वस्तू परत घेता येणार नाही, हे आधीच सांगितलेलं असावं. ठसा व्हेज टॅनवरच छान उठतो: चामडं स्पंजने ओलं करायचं आणि पाणी आत मुरून रंग मूळ छटेकडे परतायला लागला की ठोकायचं. फार ओल्यावर मारलेला ठसा फुगून पुसट होतो, कोरड्यावर उठतच नाही. ठसा शिवण्याच्या आधी मारा. चुकला तर एक तुकडा जातो, पाकीट वाचतं.

शिवणीची हमी मोकळ्या मनाने द्या. सॅडल स्टिच नीट घातलेली असेल तर ती क्वचितच उसवते, आणि उसवलीच तर दुरुस्तीला पंधरा मिनिटं पुरतात. दुरुस्त करून परत पाठवलेली वस्तू नव्या गिऱ्हाइकापर्यंत तुमचं नाव पोचवते. पोचवण्याची मुदत मात्र स्वतःच्या वेगापेक्षा थोडी लांब लिहा. आठवड्यात दहा नग होत असतील तर आठ धरून तारखा द्या. हाताने ओढलेल्या टाक्यांचं काम आहे, मनगट दुखायला लागलं की दोन दिवस थांबावंच लागतं.

दुसरी वस्तू, आणि दुकानदारांचे फोन

पहिली वस्तू सारखीच्या सारखी बनते आहे, तक्रारी थांबल्या आहेत आणि एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो आहे, "याच चामड्यात बेल्ट मिळेल का?" अशी वेळ आली की दुसरी वस्तू घ्या. शक्यतो तेच चामडं, तोच दोरा, तीच बटणं वापरणारी घ्या, म्हणजे नवा माल भरावा लागणार नाही.

याच सुमारास एखादा दुकानदार घाऊक मालाची विचारणा करतो आणि बरेचदा किरकोळ किमतीच्या निम्म्याला मागतो. वरच्या उदाहरणात १६० चं निम्मं ८० होतं आणि खर्च १२० आहे. पन्नास नगांची मागणी असली तरी ती पन्नास वेळचा तोटा ठरते. होकार द्यायचा असेल तर त्या दुकानासाठी कमी शिलाईची, सोपी वस्तू वेगळी बसवा: एका चामड्याच्या तुकड्याचं, एका बटणाचं किचेन किंवा दोनच शिवणींचं कार्ड होल्डर. तिचा वेळ घड्याळ लावून मोजा, खर्च काढा, आणि निम्म्या किमतीतही मजुरी सुटते हे दिसलं की दुकानदाराला नमुना पाठवा. किमान किती नग, अर्धे पैसे आगाऊ आणि माल देण्याची तारीख हे लेखी ठरल्याशिवाय चामडं कापायला घेऊ नका.